ट्रॅक्टरचा पार्ट शोरूममध्ये महाग का पडतो?



आम्ही मेहरूणला राहतो. मेहरूण म्हटले की लोकांना तलाव आठवतो आणि हिवाळ्यात बोरे आठवतात. पण गाळप हंगामात आम्हांला मेहरूणच्या रस्त्यावर दुसरेच काही दिसते. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास कोणी ना कोणी ओळखीचा सभासद अजिंठा चौफुलीकडे चाललेला असतो. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तेलकट पार्ट.

"काय झालं नाना?"

"बेअरिंग गेलं. ट्रॉली भरून वावरात उभी आहे. शोरूमवाला म्हणतो माल उद्या येईल, परवा येईल. म्हटलं, बाजारात बघून घ्यावं."

पार्ट महाग मिळणे हे दुखणे एक, आणि तो वेळेवर न मिळणे हे दुसरे. हंगामात ही दोन्ही एकदम अंगावर येतात. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे हे आपण दर वर्षी सांगतो. त्यानंतर वजन घटते, साखर उतरते. म्हणजे हजार रुपयांच्या पार्टसाठी ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला, तर खरा तोटा हजाराचा नसतो. ऊस वाळतो, टोळी बसून राहते, बँकेचा हप्ता तर थांबतच नाही. अशा वेळी माणूस भावाची घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसतो. समोरचा सांगेल ती किंमत मोजून मोकळा होतो. पार्टच्या महागाईचे पहिले कारण हेच: आपण तो नेहमी अडलेल्या स्थितीत विकत घेतो.

दुसरे कारण समजायला आम्हांला स्वतःला एक बिल भरावे लागले.

आमच्या बिलाची गोष्ट

आमच्या घरचा ट्रॅक्टर भावाभावांत मिळून आहे. मागे एका हंगामानंतर पीटीओ लावला की आतून घरघर आवाज येऊ लागला. ट्रॅक्टर एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. तीन दिवसांनी बिल हातात आले. त्यात बेअरिंग, दोन ऑइल सील, गॅस्केट, ऑइल, मजुरी आणि शेवटी 'किरकोळ साहित्य' अशी एक ओळ. या किरकोळ साहित्यात काय काय आले, असे विचारले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ते सिस्टीममध्येच येतं काका."

पैसे भरले. निघताना सहज म्हटले, जुने पार्ट द्या. ते देण्याची तिथे पद्धत नव्हती. पण आम्ही हटलो नाही, तेव्हा भंगाराच्या पिंपातून काढून दिले. घरी आणून जुने बेअरिंग रॉकेलने धुतले. कडेवर एका प्रसिद्ध बेअरिंग कंपनीचे नाव आणि ६३०७ हा आकडा कोरलेला होता. ट्रॅक्टर कंपनीचे नाव त्यावर कुठेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ते घेऊन चौफुलीजवळच्या एका बेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आकडा वाचला, फळीवरून एक खोके काढून समोर ठेवले. त्याच बनावटीचे, त्याच आकड्याचे, शिवाय पक्क्या बिलासह. आमच्या सर्व्हिसच्या बिलात बेअरिंगला ११४० रुपये लावले होते. इथे ६१० मागितले.

फसवणूक झाली असे आम्ही म्हणत नाही. डब्यावर जी किंमत छापली होती तीच त्यांनी लावली होती. प्रश्न असा आहे की त्याच लोखंडाच्या कड्यावर डबा बदलताच पाचशे तीस रुपये कशाचे चढले?

पार्ट बनवतो कोण?

आपली समजूत अशी असते की ट्रॅक्टर कंपनी ट्रॅक्टरचा प्रत्येक नटबोल्ट स्वतः बनवते. तसे नसते. कोणतीही कंपनी कित्येक पार्ट बाहेरच्या कारखान्यांकडून घेते आणि जोडते. बेअरिंग बेअरिंगवाल्याचे, टायर टायरवाल्याचे, बॅटरी बॅटरीवाल्याची. डिझेल पंप आणि नोझल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'मायको'चे म्हणून ओळखले गेले. ती कंपनी २००८ पासून बॉश या नावाने चालते, तरी जुने मिस्त्री अजून मायकोच म्हणतात. स्टार्टर आणि अल्टरनेटर पाहा, त्यांच्यावरही दुसऱ्याच कंपनीची पट्टी सापडेल.

हा बाहेरचा कारखानदार आपला माल दोन वाटांनी पाठवू शकतो. एक वाट ट्रॅक्टर कंपनीकडे जाते. तिथे तो कंपनीच्या डब्यात भरला जातो, कंपनीचा नंबर पडतो, मग गोदाम, मग विक्रेता, मग आपण. दुसऱ्या वाटेने तोच माल कारखानदाराच्या स्वतःच्या डब्यात बाजारातल्या दुकानात येतो. पहिल्या वाटेवर टप्पे अधिक, आणि प्रत्येक टप्प्यावर काही ना काही चढते. त्याबद्दल सरसकट ओरड करू नये. विक्रेत्याला वर्षातून एखादा खपणारा पार्टही फळीवर ठेवावा लागतो, पगारी मिस्त्री बारा महिने पोसावे लागतात, जागेचे भाडे असते. शिवाय नवा ट्रॅक्टर विकताना स्पर्धेमुळे त्याला फारसे सुटत नाही. ती कसर तो वर्कशॉप आणि पार्टमध्ये भरून काढतो. हा या धंद्याचा हिशेबच आहे.

खरी अडचण होते ती दुसरी वाट बंद केली जाते तेव्हा. काही पार्ट असे असतात की साचा ट्रॅक्टर कंपनीचा, आराखडा कंपनीचा, आणि बनवणाऱ्याशी करार असा की हा माल बाजारात परस्पर विकायचा नाही. मग तो पार्ट एकाच खिडकीवर मिळतो. आणि एकाच खिडकीवर मिळणाऱ्या मालाचा भाव खिडकीच्या आतला माणूस ठरवतो. उसाला एकच गिऱ्हाईक असले की काय होते, हे आपल्या वाडवडिलांनी गुऱ्हाळांच्या काळात पाहिले. सहकारी कारखाने निघाले ते त्यातूनच. इथे प्रकार उलटा आहे. गिऱ्हाईक पुष्कळ, विकणारा एक.

२०१४ चा निकाल

ही केवळ आमची तक्रार नाही. मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न देशपातळीवर तपासला गेला आहे. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात येऊ देत नाहीत. आयोगाने चौकशी करून २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला. चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. तपासात असे आढळले होते की काही सुट्या भागांवर मूळ किमतीच्या कितीतरी पट चढवून विक्री होते. शंभर टक्क्यांपासून थेट पाच हजार टक्क्यांपर्यंत, असा तो उल्लेख आहे. पाच हजार टक्के हा छपाईचा दोष नव्हे.

दंडापेक्षा त्या निकालातला तर्क आपल्या कामाचा आहे. कंपन्यांचे म्हणणे होते की बाजारात मोटारी पुष्कळ आहेत, गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर त्याने दुसरी घ्यावी. आयोगाने सांगितले, मोटार घेईपर्यंत हे खरे. पण एकदा घेतली की तिला दुसऱ्या कंपनीचा पार्ट बसत नाही. त्या मोटारीच्या पार्टपुरती ती कंपनीच एकटी बाजार असते. म्हणून आयोगाने सांगितले की पार्ट आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजेत. पार्ट बनवणाऱ्या कारखानदाराला खुल्या बाजारात विकण्यास आडकाठी करू नये. आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सबंध हमी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीने जे बिघडले असेल तेवढ्यापुरती हमी नाकारता येईल.

कंपन्या अर्थातच वर गेल्या. २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या अपिलात दोष कायम धरला, मात्र दंड सबंध उलाढालीवर न मोजता सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजावा असे ठरवले. हे प्रकरण मोटारींचे होते, ट्रॅक्टरचे नव्हे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. शोरूममध्ये जाऊन "आयोगाचा निकाल आहे" म्हणून टेबल ठोकण्यात अर्थ नाही. पण हमीच्या पुस्तिकेत कोणते कलम रास्त आणि कोणते दांडगाईचे, हे ओळखायला तो निकाल उपयोगी पडतो.

बंद पडलेल्या कंपनीचे चालू ट्रॅक्टर

आता उलट उदाहरण पाहू. एच.एम.टी.ने १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या तांत्रिक सहकार्याने पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. 'झेटर' म्हणून खानदेशातल्या जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून आहे. २०१६ साली केंद्र सरकारने हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. कंपनी गेली, शोरूम गेले. तरी ते ट्रॅक्टर अजून रस्त्यावर दिसतात. कारण त्याचे पार्ट बाजारात बनतात, विकले जातात, आणि ते बसवणारे मिस्त्री आहेत. पिस्टन, स्लीव्ह, रिंग, क्लच प्लेट यांतले काहीही मागा. मालाची वाट खुली राहिली, म्हणून बनवणारा उठून गेल्यावरही यंत्र जगले.

नव्या ट्रॅक्टरचे असे होईल का, याची आम्हांला शंका आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे निकष लागू झाले. ते पाळण्यासाठी कंपन्यांनी या मोठ्या ट्रॅक्टरांत कॉमन रेल पद्धतीचे इंजिन आणले. त्यात डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे एक इलेक्ट्रॉनिक डबी ठरवते. धूर कमी झाला, चांगलेच झाले. पण बिघाड झाला की ती डबी पडद्यावर एक कोड दाखवते, आणि तो कोड वाचण्याचे यंत्र बहुधा शोरूमकडेच असते. पूर्वीचा मिस्त्री कान लावून, नोझल काढून, स्प्रे पाहून दोष सांगायचा. इथे त्याचा कान चालत नाही. पार्टची खिडकी एक होतीच, आता दोष ओळखण्याची खिडकीही एक झाली.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना हे आपल्या आधी भोगावे लागले. तिथल्या सगळ्यात मोठ्या ट्रॅक्टर कंपनीशी, जॉन डिअरशी, त्यांचा याच गोष्टीवरून वर्षानुवर्षे वाद चालला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तिथल्या शेतकरी संघटनेशी समजुतीचा करार केला. कोलोरॅडो राज्याने त्याच वर्षी कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांचे पार्ट, पुस्तिका व तपासणीची साधने मालकाला आणि बाहेरच्या मिस्त्रीला देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. तरीही वाद मिटला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारच्या व्यापार आयोगाने कंपनीवर दावा लावला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. पहिल्या टप्प्यासाठी तिने जी क्षेत्रे निवडली त्यांत शेतीची अवजारे आहेत. त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक पोर्टलही सुरू झाले. त्यावर कंपन्यांनी हमीची आणि दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आणि बंधन यांत अंतर असते, हे सभासदांना सांगायला नको.

मग आपण काय करावे?

बैल घेताना आपण काय करतो? वरखेडीच्या बाजारात दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, मालकाच्या गावचा माणूस गाठून चौकशी करतो. ट्रॅक्टर घेताना मात्र किंमत किती कमी करता, जुन्याचे किती धरता, वर छत्री देता की नाही, यावर दोन तास घालवतो आणि क्लच प्लेटची किंमत विचारत नाही. ट्रॅक्टर घेण्यापूर्वी त्याच शोरूमच्या पार्ट काउंटरवर जाऊन दहा पार्टचे भाव लिहून घ्यावेत. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, तिन्ही फिल्टर, हायड्रॉलिक पंप, हेड गॅस्केट, स्टार्टर, पुढच्या हबचे बेअरिंग, रेडिएटर, ब्रेकचा सेट, आणि मोठा ट्रॅक्टर असेल तर इंजेक्टर. दोन कंपन्यांची अशी यादी शेजारी ठेवली की पुढच्या दहा वर्षांचा खर्च डोळ्यांसमोर येतो.

हमीची पुस्तिका वाचावी. कंटाळवाणी असते, मान्य आहे. घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला वाचायला सांगावी. 'मोफत सर्व्हिस' म्हणजे बहुतेक ठिकाणी मजुरी मोफत. ऑइल आणि फिल्टर बिलात येतात. टायर, बॅटरी, डिझेल पंप यांची हमी बहुधा त्या त्या कारखानदाराची असते आणि तिच्या अटी वेगळ्या असतात. आणि ऊसवाहतूक करणाऱ्यांनी एक कलम नक्की शोधावे: शेतीकामाखेरीज इतर वापर झाला तर हमीचे काय? दोन ट्रॉल्या लावून हंगामभर ओढलेल्या ट्रॅक्टरचा क्लच गेला आणि "हा व्यापारी वापर" म्हणून हमी नाकारली, तर त्या वेळी भांडण्यापेक्षा खरेदीच्या वेळी लेखी विचारलेले बरे. हमी आहे तोवर इंजिन, गिअर पेटी, हायड्रॉलिक यांना बाहेर हात लावू देऊ नये, हे आमचे स्पष्ट मत. ठरलेल्या तासांना सर्व्हिस करून पुस्तिकेत शिक्का घ्यावा. पाचशे रुपये वाचवायला गेलेला माणूस पन्नास हजारांची हमी घालवून बसल्याचे आम्ही पाहिले आहे.

हमी संपली की मात्र डोळे उघडे ठेवून बाजारात जावे. त्यासाठी आकडा वाचता आला पाहिजे, आणि ते अवघड नाही. बॉल बेअरिंगच्या कडेवर चार आकडे असतात. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ६३०७ मधले ०७ गुणिले पाच, म्हणजे ३५. हा हिशेब ०४ पासून पुढे चालतो; ०३ चे भोक मात्र १७ मिलिमीटर असते. ६२०७ चे भोकही ३५ च, पण बाहेरचे माप ७२ आणि जाडी १७. ६३०७ चे बाहेरचे माप ८० आणि जाडी २१. म्हणून दुकानदाराने "हेच बसेल" म्हटले तरी चारही आकडे जुळल्याशिवाय घेऊ नये. आकड्यापुढची अक्षरेही जुळवावीत. 'टू-आर-एस' म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी झाकण, 'झेड-झेड' म्हणजे पत्र्याचे, 'सी-थ्री' म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक. गरम होणाऱ्या जागी 'सी-थ्री' काढून साधे बसवले तर ते लवकर जाते, आणि मग बाजाराच्या मालाला नाव ठेवले जाते. ऑइल सीलवर तीन मापे असतात: आतले, बाहेरचे आणि जाडी. हे सारे कोरलेले वा छापलेले असते. फक्त पुसून पाहण्याची सवय हवी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाजारात नकली माल पुष्कळ आहे. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले डबे आम्ही स्वतः हातात घेतले आहेत. नकली फिल्टर दिसायला सारखा असतो, पण आतला कागद हलका. इंजिनात धूळ जाते आणि रिंगा घासतात. दीडशे रुपये वाचतात आणि इंजिन उतरवावे लागते. म्हणून बाजारात घ्यायचे ते पार्ट बनवणाऱ्या कारखानदाराच्या स्वतःच्या डब्यातले, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत छापलेले, आणि पक्क्या बिलावर. बिल देत नाही अशा दुकानातून ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा कोणताही पार्ट घेऊ नये. पन्नास पोत्यांची ट्रॉली मागे असो वा उसाची, त्या दोन गोष्टींवर जीव असतो. कॉमन रेल इंजिनाच्या बाबतीत तर बाहेरच्या मिस्त्रीने इंजेक्टरला हात घालू नये असेच आम्ही सांगू. ते काम बॉशसारख्या पंपवाल्यांच्या अधिकृत पंपरूमचे. तिथे ट्रॅक्टर कंपनीच्या शोरूमखेरीज दुसरी वाट मिळू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कराचेही थोडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या मागच्या टायर-ट्यूबवरचा आणि क्लच, ब्रेक, गिअर पेटी, रेडिएटर, सायलेन्सर, हायड्रॉलिक अशा ठरावीक पार्टवरचा १८ वरून ५ वर आला. बेअरिंग आणि इंजिन ऑइल त्या सवलतीत नाहीत. तेव्हा बिलात कर किती टक्के लावला तो रकाना पाहावा. छापील किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर पुन्हा जीएसटी जोडून घेता येत नाही. ही चूक, चूकच म्हणू, बिलात सापडते.

बिल घेताना प्रत्येक पार्ट वेगळ्या ओळीत, मजुरी कामाप्रमाणे वेगळी, आणि 'किरकोळ साहित्य' म्हणजे काय ते लिहून, असे मागावे. काम सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रक घ्यावे आणि "याच्या पुढे खर्च गेला तर आधी फोन करा" असे जॉब कार्डावर लिहून सही करावी. जुने पार्ट परत मागावेत. ते आपले असतात. हमीत बदललेला पार्ट मात्र कंपनी ठेवून घेते, तो मागू नये.

एवढे करूनही अन्याय झाला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तक्रार आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. कंपनी चेन्नईची वा दिल्लीची असली तरी जळगावकराला जळगावातच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेला ट्रॅक्टर या कायद्यात बसतो. पण चार-पाच ट्रॅक्टर भाड्याने फिरवणाऱ्याला "तुम्ही ग्राहक नाही, व्यापारी" असा आक्षेप सोसावा लागेल. आयोगात जाण्यापूर्वी १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. काही वेळा तेवढ्याने काम होते.

गट कार्यालयातील वही

एकट्याने दुकानात जाऊन भाव कमी होत नाही, हा आमचाही अनुभव आहे. बेअरिंगचे ते दुकान आम्हांला सापडले ते बिल भरल्यानंतर. आधी कोणी सांगितले असते तर पाचशे तीस रुपये वाचले असते. तेव्हा आपल्या गट कार्यालयात आम्ही एक वही ठेवली आहे. सभासदांनी ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दुरुस्तीच्या बिलाची झेरॉक्स तिथे द्यावी. ट्रॅक्टरचे मॉडेल, पार्टचा नंबर, पार्टवर कोरलेला आकडा, डब्यावरची किंमत, मजुरी आणि पार्ट मिळायला लागलेले दिवस, एवढेच वहीत उतरवले जाईल. विक्रेत्याचे नाव लिहिले जाणार नाही. भांडण काढणे हा हेतू नाही. वही कोणालाही कार्यालयाच्या वेळेत पाहता येईल.

पन्नासेक बिले जमली की नेहमी लागणाऱ्या पार्टची यादी काढून हंगामापूर्वी एकत्र मागणी करण्याबाबत आम्ही संचालक मंडळाकडे अर्ज करणार आहोत. फिल्टर, बेअरिंग, ऑइल सील आणि क्लच प्लेट यांपासून सुरुवात करावी असा विचार आहे. यात कोणाला काही सुचवायचे असेल, किंवा आम्ही वर लिहिलेल्यात कोणा मिस्त्री मंडळींना चूक दिसली असेल, तर गट कार्यालयात येऊन सांगावे. जुना पार्ट सोबत आणला तर उत्तम. फक्त तो पुसून आणावा, वहीवर तेलाचे डाग आत्ताच पुष्कळ पडले आहेत.